वेडेलिया लावा, पण कोंडून

प्रत्येक सोसायटीच्या आवारात एक जागा अशी असते जिथे काहीच धड उगवत नाही. जांभळाच्या झाडाखालची, नाहीतर गाड्यांच्या उतारालगतची. तिथे एकदा लॉन लावून झालेलं असतं, दोन उन्हाळ्यांत ते करपून गेलेलं असतं, आणि आता फरशीच टाकून घेऊ असा ठराव बैठकीत येऊ घातलेला असतो. अशा वेळी माळीकाका सांगतात, ‘वेडेलिया टाका की. दोन-तीन महिन्यांत हिरवंगार.’ ते खरंच सांगत असतात. श्रावण सरेपर्यंत जमीन झाकली जाते, गणपतीत पिवळी फुलं दिसतात, आणि लॉनवाल्याला दरमहा जाणारे पैसे वाचतात. अडचण त्यानंतर सुरू होते.

वेडेलिया तुम्ही पाहिली आहे, नाव ठाऊक नसलं तरी. हमरस्त्यांचे दुभाजक, उड्डाणपुलांखालचे पट्टे, रिसॉर्टचे उतार, शाळा-महाविद्यालयांच्या फाटकाजवळचे वाफे, सगळीकडे ती असते. जाड, तकतकीत, कडेला तीन पाळ्या पडलेली पानं. देठावर एकेकटं उभं असलेलं, झेंडूपेक्षा लहान, सूर्यफुलासारख्या पाकळ्यांचं पिवळं फूल. वनस्पतिशास्त्रात तिचं आजचं नाव स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा. वेडेलिया हे जुनं नाव, जर्मनीतल्या येना विद्यापीठातले प्राध्यापक गेऑर्ग वोल्फगांग वेडेल यांच्यावरून पडलेलं. शास्त्रज्ञांनी ते बदललं तरी रोपवाटिकांत तेच चालतं, तेव्हा आपणही तेच वापरू. मूळची ती मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेचा उष्ण भाग इथली. कूळ सूर्यफुलाचं, म्हणजे आपल्या गाजरगवताचंही.

जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर उपऱ्या, आक्रमक प्रजातींची जी यादी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००० साली काढली, तिच्यात ही वेल आहे. घाणेरी आणि जलपर्णीही त्याच यादीत आहेत. त्या दोघीही मुळात बागेची शोभा म्हणूनच देशोदेशी गेल्या, हे इथे आठवलेलं बरं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात वेडेलिया कायद्याने निर्बंधित तण आहे. केरळात ओढ्याकाठी, रबराच्या मळ्यांच्या कडेला, रस्त्यालगत ती मोकाट पसरलेली दिसते. कोकणातला आणि गोव्यातला पाऊस, उष्मा आणि जांभा मातीही तिला तितकीच मानवते.

मग ही वेल लावूच नये का? असं सरसकट सांगणारे निसर्गप्रेमी आहेत, आणि त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. पण शहरात चारही बाजूंनी काँक्रीट असलेल्या पट्ट्यात ही वेल जे काम करते ते इतक्या कमी पाण्यात आणि कमी देखभालीत करणारी दुसरी वनस्पती मला तरी ठाऊक नाही. त्यामुळे माझं मत असं, की वेडेलिया कुठे लावायची हे आधी ठरवावं, आणि ती जागा अशी असावी की तिथून ती बाहेर पडूच शकणार नाही. बाकी सगळ्या ठिकाणी दुसरं काहीतरी लावावं. त्या दुसऱ्यांविषयीही पुढे लिहिलं आहे.

ती पसरते कशी, हे आधी

हे नीट समजलं की निम्मं काम झालं. वेडेलिया जमिनीखालून पसरत नाही. हरळी किंवा लव्हाळा जमिनीच्या आत काड्या आणि गाठी सोडत पुढे सरकतात, तशी हिची रीत नाही. हिच्या फांद्या जमिनीवरून सरपटत जातात आणि जिथे पेर मातीला टेकेल तिथे मूळ धरतात. एक पेर आणि दोन पानं एवढा तुकडासुद्धा ओल मिळाली की नवं रोप होतो. बियांतून मात्र ती फारशी वाढत नाही.

म्हणजे वारा तिला दूर नेत नाही, पाखरंही नेत नाहीत. तिला दूर नेतो तो आपण फेकलेला बागेचा कचरा. पावसाळ्यात छाटणी होते, ओल्या फांद्यांचा भारा कुंपणापलीकडच्या मोकळ्या जागेत किंवा नाल्याच्या काठावर टाकला जातो, कुजून जाईल म्हणून. ती कुजत नाही. आठवड्याभरात मुळं फुटतात. नाल्याला पूर आला की तुकडे वाहत खाली जातात आणि ओढ्याच्या वळणावर जिथे अडकतील तिथे धरतात. टेकडीच्या पायथ्याशी, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर दिसणारी वेडेलिया बहुतेक वेळा अशीच आलेली असते. एकदा तिचा गालिचा जमला की खाली दुसरं बी उगवणं कठीण. सावली तर तिची असतेच, शिवाय तिच्या पानामुळांतून झिरपणारी द्रव्यं इतर रोपांची उगवण आणि वाढ रोखतात, हे प्रयोगांत दिसून आलं आहे. आघाडा, टाकळा, तेरडा, कुर्डू या आपल्या पावसाळी मंडळींना मग तिथे जागा उरत नाही आणि त्यांच्यावर अंडी घालणारी फुलपाखरंही त्या जागेकडे फिरकत नाहीत.

कुठे लावावी, कुठे मुळीच नाही

लावायला योग्य जागा अशी: इमारतीच्या आवारातला पट्टा, ज्याच्या चारही बाजूंना फरशी, डांबर किंवा काँक्रीट आहे. रस्त्याचा दुभाजक. उंच चौथऱ्यावरची किंवा राखणभिंतीवरची मातीची पट्टी, जिथून ती खाली लोंबेल आणि भिंत झाकेल. पण भिंतीच्या पायथ्याशी मोकळी माती नसावी, फरशी असावी. मोठ्या कुंड्या आणि टांगत्या टोपल्या. ज्या झाडाखाली निदान तीन-चार तास कवडसे येतात ते आळं.

नको असलेल्या जागांबद्दल मी अधिक कडक आहे. ओढा, नाला, नदी, विहीर, तळं यांच्यापासून पावसाचं पाणी जिथवर वाहत जाईल तिथवर नको. शेताच्या बांधावर नको. मुळशी, लोणावळा, महाबळेश्वर, आंबोली या बाजूला ज्यांचं दुसरं घर आहे आणि ज्यांचं कुंपण संपलं की रान सुरू होतं, त्यांनी ही वेल आवारात आणूच नये, मग माळी काहीही म्हणो. सह्याद्रीतल्या आणि कोकणातल्या कातळसड्यांवर माती बोटभरच असते आणि त्या बोटभर मातीत दुसरीकडे कुठेही न सापडणारी रोपं वाढतात. अशा सड्याच्या कडेला बंगला बांधून तिथे वेडेलियाचा उतार करणं हे माझ्या दृष्टीने बेजबाबदार काम आहे. समुद्रकिनाऱ्यालाही नको. खारं वारं ती चांगलं सोसते, म्हणून कोकणात ती सुचवली जाते. पण तिथे आपली स्वतःची वेल आहे, तिच्याकडे येतोच.

गच्चीवर थेट मातीच्या थरात लावणाऱ्यांनीही जरा थांबावं. सरपटणारी फांदी भेगेपाशी पोचली की पेरातून मूळ भेगेत उतरतं, आणि मग गळतीचं खापर बिचाऱ्या गवंड्यावर फुटतं. गच्चीवर हवी असेल तर कुंडीत, आणि फांद्या लोंबून फरशीला टेकण्याआधी छाटायच्या.

लागवड

रोपं विकत घेण्याची खरं तर गरज नसते. शेजारच्या सोसायटीतली छाटणी मागून आणा. ती आनंदाने देतील. निरोगी, फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी फांदी घ्या. तीन-चार पेरांचे, साधारण वीतभर लांबीचे तुकडे करा. खालची दोन पेरं मातीत आणि वरची दोन बाहेर, अशी तिरकी खोवा. सपाट जागेवर तुकड्यातुकड्यात एक फूट अंतर पुरतं. म्हणजे दहा फूट बाय दहा फुटांच्या वाफ्याला शंभर-सव्वाशे तुकडे लागतील. उतारावर मात्र अंतर नऊ इंचांवर आणा आणि ओळी आडव्या, उताराला छेद देणाऱ्या ठेवा. तुकडे मग पावणेदोनशेच्या घरात जातात, पण पहिल्या मोठ्या पावसात माती जागेवर राहते.

वेळ पावसाळ्याची. मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणून घाई करू नका. त्यानंतर आठ-दहा दिवसांची उघडीप पडते आणि तुकडे सुकतात. आर्द्रा नक्षत्रात पाऊस लागून राहिला की लावा. मराठवाडा आणि सोलापूरकडे जुलैच्या मध्यापर्यंत थांबलेलं बरं. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीतही लागवड होते, पण एप्रिल-मे मुळीच नको.

लागवडीआधीची मेहनत लोक टाळतात आणि पुढे वर्षभर भोगतात. जागा आधी पूर्ण खणून हरळीच्या काड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढा. वेडेलिया एकदा दाट झाली की बारीकसारीक तणाला वर येऊ देत नाही, हे खरं; पण लव्हाळा तिच्यातूनही डोकं काढतो, आणि गालिच्यातून त्याची गाठ उपसायची म्हणजे गालिचाच उपसावा लागतो. खणून झाल्यावर पहिला पाऊस पडू द्या, जे उगवेल ते खुरप्याने काढा, मगच तुकडे लावा. खत फार लागत नाही. शंभर चौरस फुटांना चार-पाच घमेली कुजलेलं शेणखत किंवा सोसायटीच्या खड्ड्यातलं खत मिसळलं की पुरे. युरिया तर नकोच. नत्र जास्त झालं की पानं हातभर होतात आणि फुलं रुसतात.

पहिले दोन-तीन आठवडे माती ओली राहिली पाहिजे. पुढे पाऊस सांभाळून घेतो. पहिल्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांआड भरपूर पाणी द्या; रोज शिंपडण्यापेक्षा ते बरं, कारण मुळं खोल जातात. दुसऱ्या वर्षापासून आठवड्यातून एकदा दिलं तरी वेल तग धरते. मे महिन्यात पानं जरा मलूल दिसतील, कडा करपतील. घाबरायचं कारण नाही. ज्या सोसायट्यांत एप्रिलपासून टँकर येतात त्यांनी लॉन काढून वेडेलिया लावण्याचा विचार करावा तो याच एका कारणासाठी.

फुलं हवी असतील तर ऊन हवं. निदान अर्धा दिवस. दाट आंब्याखाली किंवा दोन इमारतींच्या मधल्या अंधाऱ्या बोळात ती जगते, पण फांद्या लांब, पानं विरळ आणि फूल क्वचित. आंब्याच्या गडद सावलीत काय लावावं असं मला विचारलं जातं तेव्हा माझं उत्तर अनेकांना आवडत नाही: काही लावू नका. पाला झाडू नका, तिथेच पडू द्या. त्याचा थर हाच त्या झाडाचा गालिचा. गुलमोहर आणि सोनमोहर यांचं तसं नाही. त्यांची सावली विरळ, आणि त्यांची बारीक पानं वेडेलियाच्या फटींतून खाली गळून दिसेनाशी होतात. रोज झाडायला माणूस लागत नाही. पंपाने पाला उडवणाऱ्या यंत्राचा आवाज सकाळी सात वाजता ज्यांनी ऐकला आहे त्यांना याची किंमत कळेल.

कोंडणं आणि छाटणं

वेल जमिनीवरून जाते, म्हणून तिला अडवायला खोल भिंत पुरायची गरज नाही. सहा इंचांची वीट उभी करून काही साधतही नाही, कारण ती विटेवरून पलीकडे जाते. हवा असतो तो कोरडा, कडक, उघडा पट्टा. दोन फूट रुंद फरशी किंवा काँक्रीट. फांदी त्या पट्ट्यावर आली की तिला मूळ धरता येत नाही आणि ती तुमच्या नजरेत येते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी एकदा फेरी मारून पट्ट्यावर आलेल्या फांद्या कैचीने कापायच्या. इतर ऋतूंत महिन्यातून एकदा पुरे. घराच्या भिंतीलगत तीन फूट जागा मोकळीच ठेवा. दाट वेलीखाली बेडूक आणि उंदीर राहतात, आणि त्यांच्या मागे साप येतो. वेडेलियामुळे साप येतात असं नाही. दाट आसरा कुठलाही असला तरी हेच होतं, म्हणून तो दारापासून लांब असावा, एवढंच.

वर्षातून दोन मोठ्या छाटण्या. एक मे अखेरीस, दुसरी दसऱ्याच्या सुमारास. जमिनीपासून चार बोटं ठेवून बाकी सगळं कापायचं. हे केलं नाही तर फांद्यांवर फांद्या चढतात, वर पाऊण हात उंच हिरवं आणि आत काळ्या वाळक्या काड्यांचा गुंता होतो. त्या गुंत्यात शंखी गोगलगायी वस्ती करतात. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपं फस्त करणाऱ्या याच. बागेत त्या झेंडू, शेवंती आणि भाज्यांच्या रोपांवर तुटून पडतात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वेलीच्या कडेला पसरून ठेवा. सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात टाका. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर तेवढा भाग कापून टाकणं हाच सोपा उपाय. वेल आठ दिवसांत भरून येते.

छाटणीला पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं यंत्र वापरू नका, निदान कडेला तरी नको. त्या यंत्राची दोरी फांद्यांचे शेकडो तुकडे करून दहा-पंधरा फुटांवर उडवते, आणि प्रत्येक तुकड्यात पेर असू शकतं. कैची किंवा विळा बरा. वेळ जास्त जातो, पण कापलेलं एका ढिगात राहतं.

आता त्या ढिगाचं काय करायचं? मे महिन्यातली छाटणी काँक्रीटवर पातळ पसरून आठ-दहा दिवस कडक उन्हात वाळवा. काडी कटकन मोडली पाहिजे. वाकत असेल तर ती जिवंत आहे. वाळलेलं मग बिनधास्त खताच्या खड्ड्यात टाका. ओल्या फांद्या खड्ड्यात वरच्या थराला टाकल्या तर खड्ड्यावरच वेडेलियाची बाग होईल. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा काळ्या जाड पिशव्यांत भरून तोंड घट्ट बांधायचं आणि महिनाभर ठेवून द्यायचं. दुसरा मार्ग झाकण असलेल्या पिंपाचा. फांद्या पाण्यात पूर्ण बुडवून, वर दगड ठेवून झाकण लावायचं. महिना-दीड महिन्यात सगळं कुजतं. वास भयंकर येतो, पण गाळलेलं पाणी दहापट पाण्यात मिसळून झाडांना घालता येतं. झाकण उघडं राहिलं तर डासांची पैदास होईल, तेवढं सांभाळा.

काढायची असेल तर

अनेकांना जुन्या मालकाची किंवा बिल्डरची वेडेलिया वारशाने मिळते. ती नको असेल तर काम कठीण आहे, अशक्य नाही. मुळं उथळ असतात. मोठ्या पावसानंतर माती भुसभुशीत असताना एका कडेने सुरू करा आणि चटई गुंडाळत जावी तसा गालिचा गुंडाळत जा, फांद्या तुटू न देता. पहार लागत नाही, खुरपं आणि दोन माणसं पुरतात. मागे राहिलेले तुकडे पंधरा दिवसांनी हिरवे कोंब काढतील. तेव्हा पुन्हा फिरा. असं तीन-चार महिने न कंटाळता केलं की जागा स्वच्छ होते. अर्ध्यात सोडलं तर पुढच्या पावसाळ्यात पहिल्यासारखं. मोकळी झालेली माती तशीच ठेवू नका. लगेच ताग किंवा चवळी पेरा, म्हणजे गाजरगवत आत घुसणार नाही.

तणनाशक मारून मोकळं व्हावं असं वाटतं. ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारने २०२२ साली काढलेल्या आदेशाने कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांपुरता मर्यादित केला आहे. तो कायद्याचा भाग झाला. पण एरवीही, जिथे मुलं खेळतात आणि कुत्री-मांजरं लोळतात अशा आवारात मी तो सल्ला देणार नाही.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. वेडेलियाला कुणीतरी ‘पिवळा भृंगराज’ म्हणून टाकतं आणि मग तिची पानं खोबरेल तेलात उकळली जातात. केसांच्या तेलातला माका म्हणजे एक्लिप्टा, त्याचं फूल पांढरं आणि इवलंसं असतं. पिवळा माका नावाची आपली वनस्पतीही खरीच आहे, वेडेलियाची सख्खी चुलत बहीण; पण तिची पानं लांबट, भाल्यासारखी असतात, त्यांना कडेच्या पाळ्या नसतात, आणि ती पाणथळ जागी सापडते. या दोघींचा नैसर्गिक संकर दक्षिण चीनमध्ये नोंदवला गेला आहे, म्हणजे उपरी वेल देशी बहिणीच्या वंशातही शिरू शकते. दुभाजकावरची पानं तोडून तेल करू नका.

वेडेलियाऐवजी

पहिली पसंती माझ्याकडून जलपिंपळीला. काही जण तिला रतोलिया म्हणतात, रोपवाटिकांत लिपिया म्हणून मागावी लागते. ओढ्याकाठच्या, तळ्याकाठच्या ओल्या गवतात ती आपोआप उगवते. पानं लहान, दातेरी. फुलं तांदळाच्या दाण्याएवढी, पांढरट जांभळी, गोल बोंडाभोवती कडं केलेली. उंची चार बोटं. तिच्यावरून चालता येतं, हा वेडेलियापेक्षा मोठा गुण. भरपूर ऊन लागतं, पाणी लॉनपेक्षा कमी. पॅन्सी गटातल्या काही फुलपाखरांच्या अळ्या तिचीच पानं खातात. फुलांवर मधमाश्या मात्र सतत असतात, म्हणून मुलं अनवाणी खेळतात तिथे नको. शोभेच्या दृष्टीने ती वेडेलियासारखी लांबून डोळ्यांत भरत नाही, जवळ जाऊन वाकून बघावी लागते. काही समित्यांना एवढ्यानेच ती नापसंत होते.

दुसरी अरॅकिस पिंटोई, माळी जिला नुसतं पिंटोई किंवा पीनट ग्रास म्हणतात. ही भुईमुगाची सोयरी, मूळ ब्राझीलची. १९५४ साली तिथे ती पहिल्यांदा गोळा करणाऱ्या जेराल्डो पिंटो यांचं नाव तिला मिळालं. फुलं भुईमुगासारखीच पिवळी, पानं चार-चारच्या जुळणीत. शेंगवर्गीय असल्याने हवेतलं नत्र जमिनीत आणते, म्हणून कॉफीच्या, केळीच्या आणि फळझाडांच्या मळ्यांत आच्छादन म्हणून लावतात. सुरुवातीला सावकाश वाढते, पहिलं वर्ष तण काढावं लागतं, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी नसेल तर सुकते. पण विरळ सावली चालते आणि छाटणी गुरांना घालता येते. नारळी-पोफळीच्या बागेत ही उत्तम. तीही परदेशीच, हे विसरू नका. रानाच्या कडेला तिलाही नेऊ नये.

जांभळी फुलं हवी असतील आणि जागा उन्हाची, कोरडी असेल तर सरपटणारा लँटाना आहे. हा रानातल्या काटेरी घाणेरीहून वेगळा, मॉन्टेव्हिडिओ शहरावरून नाव पडलेला. तोही पेरांतून मुळं धरतो, तेव्हा कोंडण्याचे नियम त्यालाही लागू. निळ्या फुलांचा इव्हॉल्व्ह्युलस कडेच्या वाफ्याला छान दिसतो, मात्र त्याची फुलं दुपार कलायच्या आत मिटतात. संध्याकाळी घरी येणाऱ्यांना ती कधी दिसायचीच नाहीत.

आणि किनाऱ्याला मर्यादवेल. भरतीच्या रेषेच्या वर, वाळूवर लांबच लांब दोर सोडत जाणारी, शेळीच्या खुरासारखी दुभंगलेली पानं आणि गुलाबी-जांभळी फुलं असलेली. वर्षभर हिरवी. वाळू धरून ठेवण्यात तिच्या तोडीचं दुसरं काही नाही. वारा आणि भरतीच्या लाटा या दोघांना ती पुरून उरते, आणि तिच्या बिया समुद्रातून तरंगत नव्या किनाऱ्यांवर जाऊन रुजतात. किनारा ‘स्वच्छ’ दिसावा म्हणून ती ओरबाडून काढायची आणि मागच्या आवारात वेडेलिया लावायची, हा प्रकार कोकणात आणि गोव्यात दोन्हीकडे चालतो. त्यानंतर वाळू अंगणात येते म्हणून भिंत बांधली जाते. किनाऱ्याला घर असेल तर मर्यादवेलीला हात लावू नका. कुंपणाआत हवी असेल तर तिचाच हातभर दोर वाळूत पुरा. पावसाळ्यात तो सहज धरतो.

ज्यांच्याकडे वेडेलिया आधीपासून आहे आणि ठेवायची आहे, त्यांना एक विनंती. सोसायटीच्या माळीकामाचा करार दरवर्षी नव्याने होतो. त्यात पाणी, खत, छाटणीच्या तारखा हे सगळं लिहिलेलं असतं. कचऱ्याबद्दल सहसा काहीच नसतं, आणि ट्रॉली भरून गेली की ती कुठे रिकामी झाली हे कुणी विचारत नाही. पुढच्या करारात एक ओळ घालून घ्या: छाटलेली वेडेलिया वाळल्याशिवाय किंवा कुजल्याशिवाय आवाराच्या फाटकाबाहेर जाणार नाही.